ताकदवान गाडीचे टायर जुलैकडे बघून घ्यावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२० ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, सेकंड हँड घेतलेली. टायरचं माप २२५/४० आर १८, म्हणजे २२५ मिलिमीटर रुंद, १८ इंची रिमवरचा. पुढच्या दोन टायरवर अडीच मिलिमीटर नक्षी उरली आहे, मागच्या दोनवर साडेतीन-चार. चारही टायर २०२१ सालचे. रोज घोडबंदर रोडवरून बीकेसी आणि परत, महिन्यातून दोनदा लोणावळा किंवा महाबळेश्वर. तीन दुकानं फिरून झाली आणि तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला, पुढचे दोनच बदला. दुसरा म्हणाला, एवढी गाडी आहे तर १९ इंची रिम घालून मस्त रुंद टायर टाका. तिसऱ्याने ट्रॅकवर वापरतात तसे चिकट टायर मागवून देतो म्हणून सांगितलं. आता यातलं काय करायचं?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. चारही बदला. माप आहे तेच ठेवा. ट्रॅकचे टायर अजिबात नकोत. आणि निवडताना एकच गोष्ट सर्वांत वर ठेवा: भर जुलैत, पाणी साचलेल्या रस्त्यावर, कोणता टायर लवकर थांबवतो. बाकी आवाज, आराम, आयुष्य, वळणावरची मजा हे सगळं त्याच्या खाली.

मी पंचवीसेक वर्षं सायनकडे टायर आणि अलाइनमेंटचं काम करतो. जोरदार गाड्या घेऊन येणारे बहुतेक जण मला घाटातल्या वळणाबद्दल विचारतात. पावसाबद्दल विचारणारा शंभरात एखादा. आणि गाडी ठोकून आलेल्यांशी बोललं की बहुतेक वेळा गोष्ट पावसापासूनच सुरू होते.

कोरड्या रस्त्यावरची पकड हा तुमचा प्रश्नच नाही. तुमच्या गाडीला २४५ पीएस (अश्वशक्ती) आणि ३७० न्यूटन मीटर टॉर्क आहे, आणि ती सगळी ताकद पुढच्या दोन चाकांतून जाते. हे खूप आहे, मान्य. पण आजचा कुठलाही चांगला टायर कोरड्या डांबरावर एवढी ताकद पेलतो, आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर तुम्ही ती किती वेळा पूर्ण वापरता ते तुम्हालाच ठाऊक. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर वेगमर्यादा १००, अटल सेतूवर १००, समृद्धीवर १२०. या वेगांना कोरड्यात महागडा आणि मध्यम टायर यांच्यातला फरक तुम्हाला क्वचितच जाणवेल. ओल्यात मात्र तो गाडीच्या लांबीत मोजावा लागतो.

एक साधा हिशेब करून बघा. तुमची गाडी साधारण साडेचौदाशे किलोची. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा. वजनाला हवेच्या दाबाने भागलं की चारही टायर मिळून रस्त्याला टेकणारी जागा निघते, सुमारे सव्वासहाशे चौरस सेंटिमीटर. म्हणजे एक ए-४ कागद. तो कागद चार तुकडे करून चार कोपऱ्यांत ठेवलाय आणि त्यावर तुमचं अख्खं कुटुंब बसलंय. त्या कागदाखाली पाणी शिरलं तर स्टीअरिंग, ब्रेक, एबीएस, सगळी इलेक्ट्रॉनिक्स असूनही उपयोग नाही, कारण पकडायला रस्ताच उरत नाही.

पाणी कधी शिरतं? नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरसाठी एक ढोबळ सूत्र मांडलं. त्यात पाणी साचलेलं आणि टायर जवळपास गुळगुळीत असेल, तर कोणत्या वेगाला टायर पाण्यावर तरंगू लागेल ते फक्त हवेच्या दाबावरून निघतं. ३३ पीएसआयला ते उत्तर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतं. हवा २५ वर आली असेल तर ८३. चांगली खोल नक्षी असलेला टायर खाचांमधून पाणी बाहेर फेकत राहतो म्हणून त्याला जास्त वेग चालतो. तुमचे अडीच मिलिमीटरवाले टायर या सूत्राच्या बरेच जवळ जाऊन बसलेत. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, खाचांमधल्या त्या छोट्या उंचवट्यांपर्यंत. मी ताकदवान गाडीला पावसाळ्याच्या तोंडावर ३ च्या खाली ठेवू देत नाही. १.६ ला कायदा थांबतो, पाणी मात्र त्याच्या बरंच आधीपासून ऐकेनासं होतं.

याच हिशेबातून रुंद टायरचा मोहही उतरतो. टायर जितका रुंद तितकं त्याच्यासमोर आलेलं पाणी जास्त, आणि ते बाजूला सारायला वेळ तोच. २२५ चा २४५ केला की कोरड्यात किंचित फायदा, साचलेल्या पाण्यात तोटा. आपल्याकडे वर्षातले चार महिने कशाचे असतात ते सांगायला नको.

आता १९ इंचाची गोष्ट. तुमच्या टायरमधला ४० हा आकडा टक्क्यांचा आहे: रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे साइडवॉलची, टायरच्या उभ्या बाजूची, उंची ९० मिलिमीटर. १९ इंचाला २२५/३५ घातला तर बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, अर्ध्या टक्क्याचा फरक. पण साइडवॉल ७९ मिलिमीटरवर येते. ११ मिलिमीटर गेले. कागदावर काहीच वाटत नाहीत. पण खड्ड्यात टायर पडतो तेव्हा खड्ड्याची कडा आणि रिमची कडा यांच्यामध्ये साइडवॉल चिमटीत सापडते. मधलं रबर टिकतं, आतले धागे तुटतात. दोन-चार दिवसांनी तिथे फुगा येतो. फुग्याचा टायर दुरुस्त होत नाही, कुणी करून देतो म्हणाला तर त्याच्या दुकानातून निघा. आणि खड्डा जरा खोल असेल तर सोबत रिमही वाकते, मग ती प्रेसवर सरळ करून घ्या, तरी १०० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतच राहतं.

घोडबंदर रोडबद्दल मी वेगळं काय सांगू, तुम्ही रोज जाता. खड्डा दिसला तर माणूस चुकवतो. आमच्याकडे गांधी मार्केटपाशी पाणी भरतं तेव्हा खड्डा दिसतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे फुगे घेऊन येणाऱ्या गाड्यांत मूळ मापाच्या गाड्या कमी आणि हौसेने मोठी रिम घातलेल्या जास्त असतात.

इथे एक भीती मात्र कमी करतो. साइडवॉलवर कधीकधी उभी, आत गेलेली खळी दिसते. ती बहुधा आतल्या थरांच्या जोडाची असते, निरुपद्रवी. बाहेर आलेला फुगा वाईट. हात फिरवून बघा, डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं.

खरं सांगायचं तर तुमच्या रस्त्यासाठी मला उलटा बदल जास्त पटतो. १७ इंची रिम आणि २२५/४५. बाहेरचा व्यास अर्ध्या टक्क्याहून कमी बदलतो, म्हणजे स्पीडोमीटरची अडचण नाही, आणि साइडवॉल १०१ मिलिमीटर होते. गाडी खड्ड्यात कमी आपटते, टायर स्वस्त पडतो, दुकानात चटकन मिळतो. पण तुमच्या गाडीच्या पुढच्या ब्रेक डिस्क मोठ्या आहेत, त्यामुळे प्रत्येक १७ इंची रिम कॅलिपरवरून, म्हणजे डिस्कला धरणाऱ्या ब्रेकच्या भागावरून, जाईलच असं नाही. विकत घेण्याआधी टायर न बसवलेली रिकामी रिम लावून हाताने फिरवून बघायची, तरच पैसे द्यायचे. दिसायला गाडी जरा साधी होते, ते मान्य असेल तरच. बायकोने "ही आपलीच गाडी का" विचारलं म्हणून महिन्याभरात परत १८ वर आलेले गिऱ्हाईकही माझ्याकडे आहे.

"पुढचेच दोन बदला" म्हणणाऱ्याचा हिशेब वरवर सरळ दिसतो: गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, पुढचे टायर आधी घासतात, तेच बदला. अडचण अशी की पुढे नवे आणि मागे घासलेले असले की पाण्यात पुढची चाकं पकड ठेवतात आणि मागची सुटतात. पुढची सुटली तर गाडी सरळ जाते, ड्रायव्हर पाय काढतो, वेग उतरतो, बहुतेकदा निभावतं. मागची सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि पाय काढला तर आणखी फिरते, कारण वजन पुढे येऊन मागचं टोक अजून हलकं होतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २००९ चा जुलै. माझी स्वतःची गाडी, पुढे नवे दोन, मागे "अजून एक सीझन काढू" म्हणून ठेवलेले. टायरवाल्याच्या गाडीचे टायर, चांभाराच्या चपलेसारखे. लोणावळ्याहून उतरताना, तेव्हा अमृतांजन पूल होता अजून, पुलाच्या जरा आधी रस्त्यावरून आडवं पाणी वाहत होतं. स्टीअरिंग एकदम ठणठणीत, पुढचं टोक मस्त धरलेलं, त्यामुळे मला धोक्याची काही खूणच मिळाली नाही. आणि मग खांद्याजवळून गाडीची मागची बाजू पुढे येताना दिसली. पूर्ण अर्धी गिरकी घेऊन गाडी डोंगराच्या बाजूला थांबली, तोंड लोणावळ्याकडे. मागून येणारा ट्रकवाला लांब होता म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून कुणी दोनच टायर घेतले तर मी ते मागे बसवतो आणि मागचे चांगले पुढे आणतो, गाडी पुढच्या चाकांची असो वा मागच्या. लोक भांडतात, मी ऐकत नाही.

तुमच्या बाबतीत मागचेही पाच वर्षांच्या वर गेलेत, तेव्हा तो वादही उरत नाही. चारही बदला. कुणाची गाडी चारही चाकांनी ओढली जाणारी असेल त्यांना तर पर्यायच नाही, पुढच्या-मागच्या व्यासात फरक पडला की मधल्या क्लचला विनाकारण काम लागतं.

ट्रॅकच्या टायरबद्दल दोनच वाक्यं. त्यांची नक्षी उथळ, खाचा कमी, आणि रबर तापल्याशिवाय ते काम करत नाहीत. बीकेसीच्या सिग्नलवर ते कधीच तापत नाहीत आणि ऑगस्टमध्ये ते पाणी फेकत नाहीत.

उलट काही जण मला विचारतात की पावसाळ्यासाठी समर टायर कसा चालेल, ऑल-सीझन घेऊ का. हा नावाचा घोळ आहे. युरोपात समर म्हणजे सुमारे ७ अंशांच्या वरचं हवामान, पाऊस धरून. मुंबईत थर्मामीटर त्याच्या जवळपासही जात नाही. चांगल्या समर टायरच्या रबरात सिलिका असतं आणि ओल्यातली पकड हाच त्याचा अभिमानाचा विषय असतो. ऑल-सीझनसारखा, बर्फाचाही विचार करून बनवलेला टायर आपल्या मे महिन्यात मऊ पडतो आणि भसाभस घासतो.

टायरवरचे आकडे वाचताना माप तर सगळेच बघतात. त्याच्यापुढचं बघा. तुमच्या मापात बहुधा ९२ वाय आणि एक्सएल असं लिहिलेलं असतं. ९२ म्हणजे एका टायरला ६३० किलो. याच मापात एक्सएल नसलेला ८८ चा टायरही असतो, ५६० किलोचा. तो जरा स्वस्तात देऊ करतील. तो घेऊ नका, एक्सएलमधली जादा मजबुती तुम्हाला खड्ड्यासाठीच हवी आहे. वाय म्हणजे ३०० किलोमीटर वेग, डब्ल्यू म्हणजे २७०, व्ही म्हणजे २४०. तुम्ही १०० ने जाणार, मग कशाला? कारण ते अक्षर उष्णता सोसण्याच्या ताकदीबद्दलही बोलतं. आणि गाडीचा कमाल वेग २५० आहे, त्यामुळे डब्ल्यूच्या खाली उतरू नये.

ट्रेडवेअर नावाचा आकडा, ३०० किंवा ३४० असं काहीतरी, अमेरिकन पद्धतीचा आहे. तो कंपनी स्वतः ठरवून छापते. एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला ठीक, दोन कंपन्यांची तुलना करायला निरुपयोगी. ३०० चा टायर १५० च्या दुप्पट चालेल असं कुणी सांगितलं तर मान हलवा आणि पुढे चला. युरोपचं लेबल चिकटवलेलं असेल तर त्यावर ढगातून पाऊस पडतोय असं चित्र असतं, त्याच्याजवळचं अक्षर बघा. ए सर्वांत चांगलं, ई सर्वांत वाईट. मी ए शिवाय दुसरं सुचवणार नाही.

आता नावं, कारण शेवटी तुम्हाला तीच हवीत. मिशलिन पायलट स्पोर्ट ५: पाण्यात भरवशाचा, पकड सुटताना आधी सांगून सोडतो, झीज हळू. ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट: ओल्यातही जबरदस्त, स्टीअरिंग सर्वांत तिखट, पण साइडवॉल कडक, खड्डे कंबरेपर्यंत पोचतात आणि रबर लवकर जातं. गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक ६: दोघांच्या मधला, जरा आरामशीर. पायलट स्पोर्ट ४ एस हा माझा स्वतःचा आवडता, पण त्याचा ओढा कोरड्याकडे जास्त आहे, घाटात रोज जाणाऱ्याने घ्यावा. आणि मनापासून विचाराल की रोजच्या साठेक किलोमीटरच्या ट्रॅफिकमध्ये एवढं कशाला, तर कॉन्टिनेन्टल मॅक्सकॉन्टॅक्ट एमसी७ कडे बघा, धार थोडी कमी, गोंगाटही कमी. सिमेंटच्या रस्त्यांवर आडव्या रेघा मारलेल्या असतात, त्यावरून तिखट टायर घोंघावतात, आणि मुंबईत आता डांबरापेक्षा सिमेंटच वाढत चाललंय.

तुमच्यासाठी माझी निवड पायलट स्पोर्ट ५ किंवा असिमेट्रिक ६. यांतलं कोणतं, हे मी कंपनीवर ठरवत नाही, तारखेवर ठरवतो.

तारीख म्हणजे साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे. २३२५ असेल तर २०२५ सालचा २३ वा आठवडा. कधीकधी हा आकडा एकाच बाजूला पूर्ण असतो, म्हणून टायर गाडीवर चढण्याआधी बघायचा, नंतर तो आतल्या बाजूला गेलेला असतो. सहा महिन्यांच्या आतला उत्तम. वर्षाचा असेल तर भाव करा. दीड वर्षाच्या पुढचा मी स्वतःच्या गाडीला लावणार नाही, जरी कंपन्या नीट साठवलेला टायर त्याहून बराच जास्त चालतो म्हणत असल्या. नीट साठवलेला म्हणजे अंधारात, थंडाव्यात. आपल्याकडची गोदामं पत्र्याची असतात.

जुने टायर आपल्याकडे फिरत राहतात याला एक कारण आहे. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली आणली. शिवाय टायरवर आयएसआय शिक्का लागतो. साध्या मापांना याने फरक पडला नाही, ती इथेच बनतात. तुमच्यासारख्या मापांचा मात्र माल कधी येतो, कधी महिनोन्महिने येत नाही, आणि मग कुणाच्या तरी माळ्यावरचे चार टायर बाहेर निघतात. चारपैकी दोनांची तारीख वेगळी असते तीही बघा. आयएसआय नसलेला, कुणाच्या तरी ओळखीने आलेला टायर स्वस्त पडतो, पण त्याला इथे वॉरंटी कोण देणार? साइडवॉलवर तारा दिसला तर तो बीएमडब्ल्यूसाठी जुळवलेला, एमओ म्हणजे मर्सिडीज, एओ म्हणजे ऑडी. तो तुमच्या गाडीला लावला तर बिघडत काही नाही, पण चारही एकाच खुणेचे हवेत. एकाच नावाचे असले तरी आतून ते वेगळे असतात.

भावाबद्दल एकच: २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बिलावर तो १८ च आहे ना बघा, आणि पक्कं बिल घ्या, तारखेचे आकडे त्यावर लिहून घ्या.

बसवताना दुकानात उभे राहा, आम्हाला राग येत नाही. नक्षी असिमेट्रिक, म्हणजे आत-बाहेर वेगळी, असेल तर साइडवॉलवर बाहेरची बाजू लिहिलेली असते, ती बाहेरच आली पाहिजे. बाणवाला असेल तर बाण फिरण्याच्या दिशेने. चांगल्या-चांगल्यांकडून उलटे बसतात. व्हॉल्व्ह नवे घालायला सांगा, दोन-तीनशे रुपयांसाठी पाच वर्षं जुनं रबर ठेवण्यात अर्थ नाही. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ येऊ द्या, ती टायरची हलकी जागा असते, बॅलन्सिंगला शिसं कमी लागतं. बोल्ट शेवटी टॉर्क रेंचने, तुमच्या गाडीला १२० न्यूटन मीटर. गनने कचाकचा आवळलेले बोल्ट रस्त्यात पंक्चर झालं की कुणाच्या बापाला सुटत नाहीत. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासायचे, बहुतेक दुकानं हे फुकट करतात.

अलाइनमेंट चारही चाकांची. तुमच्या गाडीचं मागचं सस्पेन्शन मल्टिलिंक आहे, तिथलेही कोन बदलता येतात, आणि मागचं टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेलं असेल तर नवा टायर आतल्या कडेने वर्षभरात खाल्ला जातो. बाहेरून नक्षी मस्त, आत तार दिसते. आधीच्या टायरची आतली कडा बोटाने चाचपा, ती घासलेली असेल तर अलाइनमेंटवाल्याला ते आधीच सांगा, नवे टायर चढण्याआधी. आधीचा आणि नंतरचा प्रिंट मागा.

तुमच्या गाडीतली हवा दाखवणारी यंत्रणा टायरमधला दाब मोजत नाही. ती चाकांच्या फिरण्याच्या फरकावरून अंदाज बांधते. त्यामुळे नवे टायर घालून, थंड असताना हवा भरून, मग स्क्रीनवरून ती नव्याने सेट करावी लागते. हे विसरलं की ती जुन्याच टायरच्या आठवणीवर चालत राहते. आणि चारही टायरची हवा सारखीच हळूहळू उतरली तर तिला उशिरा कळतं. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा गेज लावायचंच.

हवेवर मी सगळ्यात जास्त भांडतो. उन्हाळ्यात एक्स्प्रेसवेवर जाण्याआधी हवा दोन-चार पीएसआय कमी करा, गरम होऊन टायर फुटेल, हे आपल्याकडे इतकं मुरलंय की शिकलेली माणसंही ते सांगतात. होतं नेमकं उलटं. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते, आणि त्या उष्णतेने टायर आतून सुटतो. तापमान साधारण साडेपाच अंश वाढलं की दाब १ पीएसआय वाढतो, चालताना तीन-चार वाढणं ठरलेलंच आहे आणि कंपनीने तो आकडा देताना ते धरलेलं असतं. पेट्रोलच्या झाकणाच्या आत लावलेला तक्ता बघा, तिथे दोन माणसांचा आणि भरलेल्या गाडीचा असे वेगळे आकडे आहेत. महाबळेश्वरला चौघं आणि बॅगा घेऊन निघताना दुसरा आकडा भरायचा, घरून, थंड टायरवर. पनवेलपर्यंत गेल्यावर पंपावर वाढलेला दाब बघून हवा सोडायची नाही.

नायट्रोजन? साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट भरून देत असतील तर भरा.

एक शेवटची गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगतो. पंक्चर नक्षीच्या मधल्या भागात असेल तर टायर रिमवरून काढून आतून मशरूम पॅच (भोकात जाणारा देठ आणि आत चिकटणारी चकती) लावायला सांगा. बाहेरून खुपसलेली दोरी घरी पोचायला चालते, एक्स्प्रेसवेच्या वेगाला नाही. खांद्याजवळ किंवा साइडवॉलला भोक असेल तर टायर गेला. विम्याचं म्हणाल तर नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फाटला तर काही मिळत नाही, गाडीचंही नुकसान झालं असेल तरच, आणि तेही निम्मंच. टायरसाठी वेगळं ॲड-ऑन असतं. घोडबंदरवाल्याने ते घ्यावं असं मी म्हणेन.

वेळ साधायची असेल तर मे महिन्याच्या मध्यावर या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर टायर नवा असतो, वरचा चकचकीत थर निघेपर्यंत पकड पूर्ण येत नाही, आणि ते किलोमीटर कोरड्यात निघालेले बरे. जूनच्या पहिल्या सरीला रस्त्यावरचं आठ महिन्यांचं तेल आणि रबराची भुकटी वर येते, त्या दिवशी नवा टायर आणि साबणाचा रस्ता अशी गाठ नको. त्या पहिल्या सरीच्या दुसऱ्या दिवशी तसंही माझ्याकडे रांग असते आणि तुमच्या मापाचे ताजे टायर आधीच कुणीतरी नेलेले असतात.

आणि जुने चार तिथेच सोडून जाणार असाल तर निघण्याआधी दुकानदाराला त्यांच्या साइडवॉलला ड्रिलने भोक पाडायला लावा. नाहीतर कुणीतरी गरम ब्लेडने त्यांच्या खाचा खोल करतो, वर काळं पॉलिश मारतो, आणि ते कुठल्यातरी टॅक्सीखाली परत रस्त्यावर येतात.